कायद्यापुरता विमा

व्यायामबाई हे काही तिचं नाव नव्हतं, पण तिच्या पेशंटांच्या घरात ते इतकं रुळलं होतं की दार उघडणारा माणूस आत वळून "व्यायामबाई आल्या!" असंच ओरडायचा. घरोघरी जाऊन फिजिओथेरपी द्यायची, हा तिचा धंदा. दिवसाला सात-आठ घरं. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाचा खांदा आखडलेला, कुणाची अर्धी बाजू एका सकाळी अचानक गेलेली. गाडीच्या डिकीत घडीचं टेबल, रबरी पट्टे, दोन वॉकर आणि पायाला बांधायच्या वाळूच्या पिशव्या. हे सगळं घेऊन बसनं फिरणं शक्य नव्हतं. गाडी बंद पडली की तिचा धंदाही बंद.

गाडीच्या विम्याची मुदत संपत आली, तेव्हा नव्या वर्षाच्या हप्त्याचा आकडा बघून तिनं कागद उलटा करून ठेवला. दोन दिवसांनी, सुट्टीच्या दुपारी, ती लॅपटॉप घेऊन स्वस्त विमा शोधायला बसली.

एक साइट सापडली. प्रश्नांची उत्तरं देत जायचं, आणि वरच्या कोपऱ्यात हप्त्याचा आकडा बदलत जायचा. गाडीचा वापर कशासाठी? तिनं प्रामाणिकपणे 'व्यवसायासाठी' वर टिचकी मारली आणि आकडा उसळी मारून वर गेला. तिनं घाईघाईनं 'खासगी' निवडलं. आकडा खाली आला. गाडी आपलीच आहे, काही टॅक्सी नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी? नको. आकडा आणखी खाली. मग पत्ता. तिची थोरली बहीण नदीपलीकडे, शेजारच्या राज्यात राहायची. नुसतं बघू या म्हणून तिनं ताईचा पत्ता घातला, आणि आकडा असा काही घसरला की तिला हसूच आलं.

कारणही तिथंच बारीक अक्षरांत दिलेलं होतं. प्रत्येक राज्याचा कायदा गाडीवाल्यानं कमीत कमी केवढं संरक्षण घ्यायलाच हवं ते ठरवतो, आणि नदीपलीकडचं ते 'कमीत कमी' इकडच्याच्या निम्मं होतं. सगळ्यांत स्वस्त पॉलिसीचं नाव होतं 'कायद्यापुरता विमा'. तिला ते नाव आवडलं. कायद्याचं समाधान झालं की आपलं झालं. पोलिसानं अडवलं तर दाखवायला एक कागद हवा, एवढाच त्या नावाचा तिनं लावलेला अर्थ.

गाडी ताईच्या घरी असते, अशा अर्थाच्या एका पत्रावर ताईची सही लागत होती. तिनं ते पत्र पाठवलं आणि फोन केला.

"एक कागद पाठवलाय. सही करून पाठव ना."

"कसला गं?"

"गाडीचा. काही विशेष नाही."

ताई एका शाळेची मुख्याध्यापिका. तासाभरात सही होऊन कागद परत आला. व्यायामबाईनं पैसे भरले आणि उरलेली दुपार मस्त झोप काढली.

*

बसकाका आणि काकू हे तिचे आवडते पेशंट. पेशंट खरं तर काकू. वर्षभरापूर्वी त्यांची उजवी बाजू गेली आणि बाजूबरोबर शब्दही गेले. मोजून पाच-सहा शब्द उरले होते. हो, नको, पाणी, थांब, असे. पलंग खिडकीशी लावलेला, तिथून गल्ली दिसायची. काकांनी एकतीस वर्षं शहरातली बस चालवली होती. "एक ओरखडा नाही!" असं ते दर दोन दिवसांनी सांगायचे, आणि काकू डोळे फिरवायच्या. त्यांना पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, हे व्यायामबाईनंच काकांना शिकवलं होतं. कमरेत न वाकता, दोन्ही हात पाठीमागून घालून, एक-दोन-तीन म्हणत. दिवसातून चार वेळा काका ते करायचे, अगदी नाच शिकल्यासारखे.

त्या दिवशी सकाळी तिला उशीर झाला होता. पुढच्या पेशंटची सून सारखी फोन करत होती. व्यायामबाईनं सामान डिकीत कोंबलं, गाडी सुरू केली, रिव्हर्स घातला आणि मांडीवरच्या मोबाइलवर एका बोटानं 'पोचतेच' असं लिहायला लागली. 'पो' लिहून झालं, 'च' राहिला, आणि मागून धप्प असा आवाज आला.

मोठा आवाज नव्हता. रस्त्यावर पोतं टाकावं तसा.

वाळूची एक पिशवी घरात राहिली होती. ती द्यायला काका मागून धावत आले होते. गाडीचा मागचा कोपरा त्यांच्या मांडीला लागला, तोल गेला आणि सगळं अंग उजव्या हातावर आलं. ती उतरून मागं धावली तेव्हा ते रस्त्यावर बसले होते. पिशवी बाजूला फुटून पडलेली. ते हात पोटाशी धरून होते, आणि तो हात बघताक्षणी तिला कळलं. मनगट जेवायच्या काट्यासारखं वाकलं होतं. अभ्यासाच्या पुस्तकातलं मोडलेल्या मनगटाचं चित्र.

"माझीच चूक," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "रिव्हर्सच्या गाडीमागं जायचं नाही, हे मीच नव्या पोरांना शिकवायचो."

शेजारणीला काकूंजवळ बसवून तिनं काकांना गाडीत घातलं. मग सिग्नलला काका म्हणाले, "विमा कुठला आहे?"

"आहे. कायद्यापुरता."

"गाडी धंद्याला वापरतेस हे लिहिलंयस त्यात?"

ती समोर बघत राहिली. काकांनी एकतीस वर्षं गाड्या आणि गाडीवाले बघितले होते. त्यांना उत्तराची गरज नव्हती.

"मग मी पायरीवरून पडलो," ते म्हणाले. "उगाच तुझी गाडी अडकेल, लायसन्स अडकेल. आमच्या हिला कोण उठवणार मग?"

"काका, नको," ती म्हणाली. म्हणाली खरी, पण इतक्या हळू, की पुढं कधी कुणी विचारलं तर 'मी नको म्हटलं होतं' एवढं सांगता यावं. ते तिला तेव्हाही कळलं.

हॉस्पिटलच्या काउंटरवर फॉर्म भरणाऱ्या मुलीनं विचारलं, "कसं लागलं?"

"पायरीवरून पडलो."

"किती उंचावरून?"

"तीनच पायऱ्या आहेत घराला. मी तिसरी निवडली." काकांनी त्या दुखण्यातही त्या मुलीला हसवलं. मग डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली.

मुलीनं व्यायामबाईकडं बघितलं. "आणि तुम्ही?"

"मी यांच्या मिसेसना व्यायाम द्यायला येते."

"नशीब, तुम्ही होतात तिथं," मुलगी म्हणाली.

*

त्यानंतरचे दहा दिवस व्यायामबाई त्या घरी सकाळ-संध्याकाळ गेली. काकूंना तीच उठवायची, बसवायची, त्यांचे केस विंचरायची. येताना डब्यात भात आणि सूप आणायची. आठवड्याची फी काकांनी पुढं केली तेव्हा तिनं ती इतक्या जोरात नाकारली की काकाच ओशाळले. आपण हे मायेनं करतो की भीतीनं, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं. रोज गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून ती चालत यायची. गाडीचा मागचा भाग तिनं दोनदा धुतला होता. त्यावर काही नव्हतंच.

चौथ्या दिवशी काकांची मुलगी आली. ती दूरच्या शहरात एका बँकेत नोकरीला होती, कशीबशी रजा काढून आली होती. आल्या आल्या तिनं व्यायामबाईचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही त्या वेळी नसतात तर बाबा तिथंच पडून राहिले असते."

"अहो, त्यात काय," व्यायामबाई म्हणाली, आणि हात सोडवून घेऊन काकूंच्या पायाला पट्टा बांधायला वाकली. कानशिलं तापली होती. वाकल्यामुळं तापली असं वाटावं, म्हणून ती जरा जास्त वेळ वाकून राहिली.

तेव्हाच काकू बोलल्या. गेल्या वर्षभरात त्यांनी न उच्चारलेला एक नवाच शब्द.

"गाडी."

मुलगी आनंदानं चीत्कारली. "आई! काय म्हणालीस? पुन्हा म्हण!"

"गाडी," काकू म्हणाल्या. चांगला हात उचलून त्यांनी खिडकीकडं बोट केलं. मग बोट वळवून व्यायामबाईकडं.

"हो आई, यांच्याच गाडीतून बाबांना नेलं. हो ना?"

"नको," काकू म्हणाल्या. त्यांना 'नाही' म्हणायचं असलं तरी 'नको'च यायचं. "नको. नको. गाडी. थांब. गाडी!" त्यांचा चेहरा लाल झाला, ओठ थरथरायला लागले. अपघाताच्या दिवशी सकाळी पलंगावर बसून, खिडकीतून, त्यांनी सगळं बघितलेलं होतं. सगळ्या घरात डोळ्यांनी बघणारी साक्षीदार एकच, आणि तिच्याकडं शब्द सहा.

काका दाराशी उभे होते. ते घाईनं पाणी आणायला आत गेले.

मुलगी गोंधळून व्यायामबाईकडं वळली. "आईला काय म्हणायचंय? तुम्हाला कळतं का काही?"

आणि व्यायामबाई, जिच्या शब्दावर हे घर वर्षभर चाललं होतं, शांत आवाजात म्हणाली, "अशा आजारात शब्दांची अदलाबदल होते. म्हणायचं असतं एक, येतं दुसरं. फार मनावर घेऊ नका."

मुलीनं मान डोलावली. काकूंनी हात खाली घेतला. त्या व्यायामबाईकडं बघत राहिल्या. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत होत्या, नवीन माणूस घरात आल्यावर बघावं तशा. मग त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं, आणि त्या दिवशी व्यायामाला पाय काही हलवला नाही.

व्यायामबाई गल्लीच्या तोंडाशी जाऊन गाडीत बसली. आयुष्यात खोटं ती काही पहिल्यांदा बोलली नव्हती. पण आपल्या विद्येचा असा उपयोग तिनं कधी केला नव्हता. एका बाईला महत्प्रयासानं एक खरा शब्द सापडला, आणि आपण तिला वेडं ठरवलं, तेही डॉक्टरी आवाजात. तिला स्वतःची किळस आली. तरीही दुसऱ्या दिवशी ती गेली, आणि तिसऱ्याही. सांगायचं धाडस सकाळी निघताना असायचं, गल्लीच्या वळणावर ओसरायचं.

दहाव्या दिवशी हाडाच्या डॉक्टरनं नवा एक्स-रे बघून सांगितलं, की हाड प्लास्टरमध्ये सरकलंय, ऑपरेशन करून प्लेट बसवायला हवी. सरकारी दवाखान्यात पाच महिन्यांची यादी होती. खासगीत लगेच, पण तो खर्च काकांच्या पेन्शनला झेपणारा नव्हता.

"राहू दे," काका म्हणाले. "जुना हात आहे. थोडा वाकडा राहील एवढंच ना?"

मुलगी म्हणाली, "मी कर्ज काढते बाबा."

"घराचं कर्ज फेडतेयस ते पुरे. व्यायामबाई, तूच सांग हिला. व्यायामानं येईल ना हात?"

तिनं एक्स-रे खिडकीकडं धरला. प्लेट बसली नाही तर मूठ अर्धीच वळणार होती. या हातानं काका काकूंना पलंगावरून कधीच उठवू शकणार नव्हते. हे तिच्याइतकं त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं.

"मी उद्या सांगते," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सगळे पेशंट रद्द करून ती विमा कंपनीच्या ऑफिसात गेली. काउंटरमागं एक प्रौढ बाई होती, चष्म्याची दोरी गळ्यात, समोर पंखा इतका जवळ की कागदांवर स्टेपलर ठेवलेला.

"माझ्या एका मैत्रिणीचं विचारायचं होतं," व्यायामबाई म्हणाली.

"विचारा." बाईनं चष्मा नाकावर चढवला. रोज अशा कितीतरी मैत्रिणी तिच्या काउंटरवर येत असणार.

"तिच्या गाडीनं एकाला लागलं. विमा आहे तिचा, कायद्यापुरता. पण फॉर्ममध्ये तिनं थोडं... म्हणजे वापर खासगी लिहिलाय. आणि पत्ता दुसऱ्या राज्यातला. तर आता कळवलं, तर विमा रद्द होऊन त्या माणसाला काहीच मिळणार नाही ना? मग कळवून उपयोग काय, असं मैत्रिणीचं म्हणणं."

विमावालीनं पेन खाली ठेवलं. "तुमच्या मैत्रिणीला एक विचारा. कायद्यापुरता विमा कुणासाठी असतो?"

"गाडीवाल्यासाठी. दंड होऊ नये म्हणून."

"तिथंच तर सगळे चुकतात. गाडीवाल्याला त्यातून छदाम मिळत नाही. तो असतो समोरच्या माणसासाठी. ज्याला गाडी लागली, त्याला वाऱ्यावर सोडू नये म्हणून कायद्यानं तो सक्तीचा केलाय. आता मैत्रीण खोटं बोलली. त्यात त्या माणसाचा काय दोष? कायद्याचं जे कमीत कमी आहे, ते कंपनीला त्याला द्यावंच लागतं. मग कंपनी तुमच्या मैत्रिणीकडून ते वसूल करणार, पॉलिसी रद्द करणार, आणि पुढच्या विम्याला तिला नाकी नऊ येणार. ते वेगळं. पण त्या माणसाचे पैसे बुडत नाहीत."

"म्हणजे... त्याच दिवशी सांगितलं असतं, तर ऑपरेशन..."

"झालं असतं की एव्हाना." बाईनं तिच्याकडं चष्म्यावरून बघितलं. "फक्त एक. पॉलिसी पलीकडच्या राज्याची असली, तर रक्कम तिथल्या हिशेबानं मिळणार. इथल्या निम्मी. इथला खरा पत्ता दिला असता तर पुरली असती. आणि किती दिवस झाले?"

"अकरा."

"फार झाले. अजून उशीर केला तर तेही अवघड होईल. हॉस्पिटलच्या कागदावर काय लिहिलंय?"

"पायरीवरून पडले."

पंख्यानं एक कागद उडवला, तो विमावालीनं हातानं दाबून धरला. मग एक छापील फॉर्म काढून तिनं काउंटरवर सरकवला.

"नाव मैत्रिणीचं लिहा," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. म्हणूनच तो लागला.

व्यायामबाईनं स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर इतकं वाईट आलं की ते दोनदा गिरवावं लागलं.

बाहेर येऊन एका बाकावर बसून तिनं ताईला फोन लावला, कारण आता ताईच्या घरी चौकशीचं पत्र जाणार होतं. ती सगळं सांगत होती तेव्हा पलीकडून शाळेच्या मैदानावरचा गोंगाट ऐकू येत होता.

"दिवसाला पन्नास कागदांवर सह्या करते मी," ताई म्हणाली. "एकही न वाचता करत नाही. तुझा होता म्हणून वाचला नाही."

"ताई, मी..."

"आता नको. मला तास आहे." मुख्याध्यापिकांना तास नसतो, हे दोघींनाही माहीत होतं.

*

संध्याकाळी ती काकांच्या घरी गेली. मुलगी काकूंना भरवत होती, काका गळ्यात अडकवलेला हात घेऊन बातम्या बघत होते. तिनं रस्त्यात वाक्यं जुळवली होती, ती सगळी दारातच विसरली. ती सरळ पलंगापाशी गेली आणि काकूंच्या पुढ्यात बसली.

"काकू, तुम्ही बरोबर बोलत होतात. गाडी. माझीच गाडी."

काकूंनी तोंडातला घास गिळला.

"हो," त्या म्हणाल्या.

"अगं ए!" काका उठले. "काय बोलतेयस?"

"काका, मी ऑफिसात कळवून आलेय."

मुलगी चमचा हातात धरून एकदा व्यायामबाईकडं, एकदा बाबांकडं बघत होती. व्यायामबाईनं तिला सगळं सांगितलं. मोबाइल. 'पोचतेच'. वाळूची पिशवी. फॉर्ममधली दोन खोटी उत्तरं. आणि शब्दांची अदलाबदल होते असं ती म्हणाली होती, तेही खोटं.

मुलीनं चमचा बशीत ठेवला. "मी तुमचे हात धरून आभार मानले," ती म्हणाली. "आणि तुम्ही मानू दिलेत."



काका मात्र व्यायामबाईवर भडकले होते. "मला खोटं पाडलंस तू! सरकारी दवाखान्यात सही केलीय मी. एकतीस वर्षांत एक खोटा कागद नाही माझा, आणि जो केला तो तुझ्यासाठी. आता पोलिसांपुढं जाऊन मीच सांगू, मी थापा मारल्या म्हणून? या वयात?"

"मी येते बरोबर. मी सांगते, माझ्यामुळं—"

"तुझ्यामुळंच! पण खोटं तोंडानं बोललो मी, तू नाहीस."

तिला वाटलं होतं, खरं सांगितलं की छाती हलकी होते. तसं काही झालं नाही. उलट आता लाज एकटीची राहिली नव्हती, ती तिनं एका चांगल्या माणसाच्या अंगावरही उडवली होती. ती उभी राहिली तेव्हा काकूंनी चांगल्या हातानं तिची बाही धरली. माफी म्हणून नव्हे. त्यांना पाणी हवं होतं. तिनं पेला तोंडाला लावला आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बसस्टॉपवर तिची वाट बघत होते. इस्त्रीचा शर्ट, एक बाही लोंबती. ठाण्यात जायला रात्री फोन करून त्यांनीच बोलावलं होतं, पण तिच्या गाडीत बसायला साफ नकार दिला होता. बसच्या ड्रायव्हरनं त्यांना ओळखलं, जागेवरूनच हात वर केला.

"काय उस्ताद! हाताला काय झालं?"

"या बाईनं गाडी घातली अंगावर," काका खणखणीत आवाजात म्हणाले आणि तिच्याकडं बोट केलं. "रिव्हर्समध्ये. मोबाइल बघत होती."

अख्खी बस वळून बघायला लागली. शाळेच्या दोन पोरी, भाजीची पिशवी मांडीवर घेतलेला एक म्हातारा, कानातले इअरफोन काढून बघणारा एक तरुण. व्यायामबाई दांडा धरून उभी राहिली. उतरून पळून जावं असं वाटलं. पण पोलीस ठाणं सहा स्टॉप पुढं होतं.

"हो," ती म्हणाली. "मीच."

काका बाजूची जागा दाखवून म्हणाले, "बस आता. उभी राहिलीस तर ब्रेकला अंगावर पडशील, आणि एकच हात शिल्लक आहे माझा."

ठाण्यात दोन तास गेले. हवालदारानं काकांना खोट्या जबाबाबद्दल चांगलं सुनावलं, आणि ते मान खाली घालून ऐकून घेतलं त्यांनी. त्यांना ती मान तशी घातलेली बघणं, हे तिच्यासाठी दंडापेक्षा जड होतं. दंड झालाच. लायसन्स तीन महिने गेलं.

ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. कायद्याचं कमीत कमी पुरलं नाही, विमावाली म्हणाली होती तसंच. उरलेलं व्यायामबाईनं भरलं, आणि कंपनीनं लावलेल्या वसुलीचा हप्ता दर महिन्याला अजून जातो. तीन महिने ती बसनं फिरली, पाठीवर रबरी पट्टे घेऊन, जवळची चारच घरं धरून. लायसन्स परत मिळाल्यावर ती पुन्हा त्याच काउंटरवर गेली. या वेळी खरा पत्ता, खरा वापर, झालेला अपघात, सगळं एकेक करून सांगितलं. विमावालीनं कायद्याच्या किमानाच्या वरचं संरक्षण कसं घ्यायचं ते समजावलं, आणि वर्षाला गाडी किती किलोमीटर चालते ते खरं लिहिलं तर हप्ता थोडा उतरतो, हेही. पहिल्याच वेळी खरी उत्तरं दिली असती तर महिन्याला फरक किती पडला असता, हे तिनं स्वतःहून विचारलं. दोन भेटींच्या फीइतका. महिन्याला दोन गुडघे. तिनं तो आकडा ऐकून घेतला आणि सही केली.

काकांच्या मुलीनं काकूंसाठी दुसरी फिजिओथेरपिस्ट लावली होती. ते योग्यच होतं. व्यायामबाईनं सगळ्या नोंदी, कुठल्या दिवशी काकू किती पावलं चालल्या इथपर्यंत, व्यवस्थित लिहून नव्या बाईकडं पाठवल्या. त्या घरून फोन येईल असं तिला वाटत नव्हतं, आणि बरेच दिवस आलाही नाही. ताई महिन्याभरानं बोलायला लागली, पण जपून, पाहुण्याशी बोलावं तशी.

मग एका दुपारी, ती एका पेशंटच्या घरून बाहेर पडत असताना, काकांच्या मुलीचा फोन आला.

"एक विचारायचं होतं," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "नव्या बाई म्हणतात, आईला आणखी दोन महिने पायऱ्या नकोत. आई तर सारखी दाराकडं बोट करते. तुम्हाला काय वाटतं?"

व्यायामबाई जिन्यातच बसली. काकूंचा उजवा गुडघा मागं कसा लचकतो, कुठल्या हातानं आधार द्यायचा, उतरताना आधी कुठला पाय, नव्या बाईंना कुठल्या दोन चाचण्या करून बघायला सांगायच्या, हे तिनं सावकाश सांगितलं. मुलगी लिहून घेत होती. मध्येच 'थांबा' म्हणायची.

"ठीक आहे," सगळं झाल्यावर मुलगी म्हणाली. "आणि मी तुम्हाला विचारलं हे बाबांना सांगू नका."

"नाही सांगणार," ती बोलून गेली. मग जिन्यातल्या कठड्याला धरून म्हणाली, "म्हणजे, मी आपणहून नाही सांगणार. पण त्यांनी विचारलं, तर खरं सांगेन."



"बरं," मुलगी म्हणाली, आणि फोन बंद झाला.